श्वास कुठून घेतो, श्वासाचे काय करतो

मननासाठी वाचन: उत्पत्ती २:७ आणि ३:८-१३, योहान २०:१९-२३



येत्या रविवारी पेन्टेकॉस्टचा सण. त्या दिवशीच्या मिस्सेतले शुभवर्तमान अगदी लहान आहे, पाचच वचनांचे. शिष्य भीतीने दारे लावून बसले आहेत. पुनरुत्थित येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो, त्यांना शांती देतो आणि त्यांच्यावर श्वास फुंकतो. पवित्र आत्मा म्हणजे देवाचा श्वास, असे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात किती वर्षे सांगत आलो आहे. फळ्यावर कबुतर काढायचे, अग्नीच्या जिभा काढायच्या, तास संपला.

यंदा मला या श्वासाबद्दल लिहायचे आहे ते एका गाडीच्या निमित्ताने. हसू नका. माझे शिक्षण कला शाखेचे आणि इंजिनातले मला फारसे कळत नाही, हेच तर या गोष्टीचे मूळ आहे. गोष्टीत माझा मुलगा आहे, म्हणून लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली. त्याने एकच अट घातली: नाव नको.

माझी नोकरी डिचोलीला, घर पेडणे तालुक्यात. रोज धारगळ, कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा असे करत जायचे आणि तसेच परत यायचे. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाची. हे इंजिन मुळात इटलीच्या फियाटचे. आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत ते बसले आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा नव्या गाड्यांतून गेले. इंजिन गुणी. माझी तक्रार एवढीच होती की चढावर गाडीला पिकअप नाही. मागून येणारा कॉलेजातला पोरगासुद्धा हॉर्न देऊन पुढे जातो, हे मला लागत असे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असल्या गोष्टी लागू नयेत, पण लागतात.

मुलगा तेव्हा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करत होता. एकदा जेवताना त्याने सांगितले की इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. आपल्या गाडीचे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर, टर्बोची भर धरली नाही तरी, मिनिटाला साडेबाराशे लिटर घेते. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. पंपावर आपण डिझेलचे पैसे मोजतो. हवेचे बिल आजवर कोणी दिलेले नाही. गाडी मात्र दोन्हींवर चालते. कृपा म्हणजे काय, हे मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडले नव्हते.

पण माझे मन कृपेवर थांबले नाही. ते पिकअपवर गेले. मी विचारले, "मग हवा जास्त दिली तर?"

त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कंपनीने बसवलेला फिल्टरचा काळा डबा काढायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा आणि पाइपाचे तोंड बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरच्या थंड हवेकडे न्यायचे. थंड हवा दाट असते. पंचवीस अंशांवरच्या हवेपेक्षा पंचावन्न अंशांवरची हवा सुमारे नऊ टक्के विरळ. हिशोब तर बरोबर होता.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही अंगणात बॉनेट उघडले. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप, दोन बेंड, होज क्लिपा आणि एम-सील आणले होते. फिल्टर कुरिअरने आला होता. हवा मोजणारा सेन्सर जुन्या पाइपातून काढून मुलाने नव्यात बसवला. पाइपाचे तोंड कुठे आणायचे यावर आमचा वाद झाला.

"पप्पा, तोंड एवढं खाली नको," तो म्हणाला. "पावसात पाणी ओढेल."

"अरे, खालची हवा जास्त थंड. आणि आपण काय नदीत गाडी घालणार आहोत?"

तो पुढे बोलला नाही. तोंड बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे, रस्त्यापासून जेमतेम फूटभर उंचीवर आले.

हे खरे सांगितले पाहिजे की तो शनिवार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता. दहावीनंतर मुलगा आणि मी एका घरात राहून वेगवेगळे राहत होतो. त्या दिवशी आम्ही चार तास बोललो. स्पॅनर कुठला, क्लिप किती आवळायची, पाइप घासून गुळगुळीत कसा करायचा. बायको चहा घेऊन आली आणि दोघांचे काळे हात बघून काही न बोलता हसत आत गेली. गाडी सुरू केली तेव्हा बॉनेटखालून नवाच आवाज आला, दीर्घ श्वास घेतल्यासारखा. मी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी हुस्स करायची. आम्ही दोघेही खूश झालो.

पिकअप वाढला का? नाही. याचे कारण मला नंतर मुलानेच समजावले. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांच्या वर तापते आणि पुढे इंटरकूलर तिला थंड करतो. म्हणजे हवा गार करण्याची सोय बनवणाऱ्यांनी आधीच केलेली होती. शिवाय डिझेल इंजिनाला बहुतेक वेळ गरजेपेक्षा जास्तच हवा मिळत असते. ताकद ठरते ती डिझेल किती सोडले यावर, आणि ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या पाइपाने आवाज वाढवला, ताकद नाही. पाइपाची जाडी बदलल्याने सेन्सरचे मोजमापही चुकू लागले. आठवड्याभरात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मुलगा म्हणाला, काढूया. मी म्हणालो, बघू. दिवा आठ महिने तसाच जळत होता आणि मी त्याला सरावलो.

जुलै आला. आमच्या भागात जुलै म्हणजे काय, हे पेडणे-डिचोलीच्या वाचकांना सांगायला नको. २३ जुलै २०२१ ला शापोरा नदीचे पाणी साळ, इब्रामपूरच्या बाजूला घरांत शिरले होते ते आपण पाहिले आहे. मी स्वतः तेव्हा चर्चतर्फे चटया आणि तांदूळ घेऊन फिरलो होतो. पाण्याची ओळख नसलेला माणूस मी नव्हे.

त्या रात्री साडेदहाला फादरांचा फोन आला. आमच्या एका दूरच्या वाड्यावरची नव्वदीतली आजी अत्यवस्थ होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर तिला पवित्र कम्युनियन द्यायला जात आणि मी सोबत असे. फादरांची गाडी दुरुस्तीला गेली होती. मी दहा मिनिटांत चर्चपाशी पोहोचलो. फादर पवित्र तेलाची कुपी आणि कम्युनियन घेऊन छत्रीखाली उभे होते. पाऊस असा की वायपर पुरे पडेनात.

वाड्याच्या अलीकडे एक लहान साकव आहे. त्यावरून पाणी जात होते, फार नव्हे, फूट-सव्वा फूट. समोरून एक मारुती व्हॅन सावकाश पाणी कापत अलीकडे आली. ती आली तर आपण जाऊ, असा विचार करून मी गाडी घातली. अर्ध्यावर बंपरपुढे लाट उठली, बॉनेटखाली घोट घेतल्यासारखा आवाज झाला, मग ठक् करून एक दणका, आणि इंजिन बंद.

मी सेल्फ मारला. पुन्हा मारला. असे कधी करू नये, हे आता मला माहीत आहे. डिझेल इंजिनात हवा सतराव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, तेव्हा ती तापून डिझेल पेट घेते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले आणि पिस्टन वर आला की जे कमजोर असेल ते वाकते.

फादर काही बोलले नाहीत. त्यांनी चपला हातात घेतल्या, कुपी सदऱ्याच्या आत ठेवली आणि पाण्यात उतरले. पलीकडे पोहोचून आम्ही अंधारात चालू लागलो. बऱ्याच वेळाने मागून एक दुधाचा टेम्पो आला. तो थांबला. चालवणारा गळ्यात तुळशीची माळ घातलेला गृहस्थ होता. "बसा भाऊ," एवढेच म्हणाला. आजीच्या घरी पोहोचलो तेव्हा निघाल्यापासून तास होत आला होता. तो गृहस्थ परत गेला नाही. पायताण काढून पडवीत हात जोडून उभा राहिला, सगळे आटोपेपर्यंत.

आजीचा श्वास चालू होता. त्याशिवाय खोलीत दुसरा आवाज नव्हता. फादरांनी कपाळाला आणि तळहातांना तेल लावले, तैलाभ्यंगाचा संस्कार दिला. कम्युनियन देता आले नाही. घास गिळायची ताकद उरली नव्हती. पापनिवेदन करायला शब्द उरले नव्हते. बाहेर आल्यावर तिची मुलगी मला म्हणाली, अगदी साधेपणाने, दोष न देता, "पाऊण तासापूर्वीपर्यंत बोलत होती. फादर आले का, म्हणून दोनदा विचारलं."

पहाटे आजी गेली. देवाची दया माझ्या पाइपावर अवलंबून नाही, हे मी जाणतो; आपली श्रद्धाही तेच शिकवते. पण एका म्हातारीला तिच्या अंतिम प्रवासाची शिदोरी हवी होती, ती घेऊन निघालेला माणूस रस्त्यात अडकला, आणि तो माझ्यामुळे अडकला. हे वाक्य मी कितीही फिरवले तरी तसेच राहते.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजला नेली. मुलगा सोबत होता. मेकॅनिकने बॉनेट उघडले, पाइपावरून बोट फिरवत खाली बंपरपर्यंत गेला आणि वर बघून विचारले, "हा शहाणपणा कोणाचा?"

मी म्हणालो, "पोरगा आयटीआयला आहे ना. शिकतोय."

दोन वाक्ये. दोन्ही खरी. पोरगा खरेच आयटीआयला होता आणि खरेच शिकत होता. त्यांतून निघालेला अर्थ तेवढा खोटा होता. मेकॅनिकने मुलाकडे बघून मान हलवली. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले, मग खाली पडलेले फडके उचलले, हात पुसले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे हात स्वच्छ होते.

आता उत्पत्तीचे पुस्तक उघडूया. दुसऱ्या अध्यायात देव मातीचा मनुष्य घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. तिसऱ्या अध्यायात देव त्याच मनुष्याला विचारतो, की खाऊ नको म्हटले होते ते तू खाल्लेस काय? आदाम उत्तर देतो, की तू मला जी स्त्री दिलीस तिने दिले म्हणून खाल्ले. मी हा पाठ वर्गात वीस वेळा तरी शिकवला असेल. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आले की आदामाचे वाक्यही खरेच आहे. तिनेच दिले होते. तो खोटे बोलला नाही. त्याने फक्त खरे असे मांडले की बोट दुसऱ्याकडे जाईल. हव्वेला पाहून त्याच्या तोंडून निघालेले शब्द आनंदाचे होते. अध्याय उलटला, आणि देवाने दिलेला तोच श्वास तिच्यावर आळ घालायला वापरला गेला. श्वास देवाचा, आळ माझा.

इथपर्यंत एकच पाप होते. दुसरे रांगेत उभे होते. गाडीच्या विम्यात आम्ही इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले होते. कनेक्टिंग रॉड वाकला होता, खर्च साठ हजारांच्या वर जाणार होता. मेकॅनिक भला माणूस, त्याने माझ्या भल्यासाठीच सुचवले, "जुना डबा घरी आहे ना? तो आणा. बसवू आणि मग सर्व्हेअरला फोटो काढू दे." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. आमचा पाइप त्यात कितपत बसतो हे वकील सांगतील, पण पाणी त्याच पाइपातून शिरले हे लपवायचे होते, यात शंका नव्हती. मी म्हणालो, आणतो.

संध्याकाळी स्टूल ठेवून माळ्यावर चढलो. मुलाने डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून, त्यावर तारीख लिहून ठेवला होता. एवढी काळजी मी घेतली नसती. मी डबा घेऊन उतरलो तेव्हा तो दारात होता.

"डबा कशाला?"

मी सांगितले. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "पप्पा, या रविवारी वर्गात कुठली आज्ञा आहे?"

टोमणा नव्हता. तो वर्गात मला मदत करायचा, तक्ते लावायचा, म्हणून विचारले असावे. पण मला माहीत होते कुठली आज्ञा होती. आठवी. खोटी साक्ष देऊ नये.

मी स्टुलावर बसलो, डबा मांडीवर. म्हणालो, "त्या दिवशी गॅरेजमध्ये मी जे बोललो..."

"माहीत आहे."

मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. पंखा फिरत होता. शेवटी तो म्हणाला, "पाणी ओढेल, म्हटलं होतं मी."

"होय," मी म्हणालो. "तू म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. आणि नंतर तुझ्यावर ढकललं."

एवढेच. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लहान आणि सगळ्यात जड पापनिवेदन. त्याने माझ्या मांडीवरून डबा उचलला, दोरी सोडली, आत-बाहेर बघितले आणि म्हणाला, "याच्या क्लिपा गंजल्यात. बसवायच्या वेळी नवीन आणूया."

योहानाच्या शुभवर्तमानात श्वास फुंकण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्तीच्या त्या जागी आहे. योहान जणू सांगतो की ही दुसरी निर्मिती आहे. आणि श्वास फुंकल्यावर येशू लगेच कशाबद्दल बोलतो? पापांच्या क्षमेबद्दल. ते वचन ख्रिस्तसभा पापनिवेदनाच्या संस्काराशी जोडते, आणि तो अधिकार धर्मगुरूंचा, हे मी जाणतो. पण तोच श्वास आपणा सर्वांना बाप्तिस्म्यात आणि दृढीकरणात मिळाला आहे. पहिल्या श्वासाने आदामाने आळ घातला. दुसरा श्वास क्षमा करण्यासाठी दिला गेला. क्षमेचा आवाज कसा असतो असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: नवीन क्लिपा आणूया, असा असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गॅरेजला गेलो. मेकॅनिकसमोर मी म्हणालो की पाइप खाली आणायचा हट्ट माझा होता, मुलगा नको म्हणत होता. मेकॅनिकने मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले आणि त्याला आत बोलावून वाकलेला रॉड दाखवला. सर्व्हेअर आल्यावर त्यालाही जसे होते तसे सांगितले. इंजिनाचा दावा नामंजूर झाला. सोसायटीचे कर्ज काढले. अजून अकरा हप्ते आहेत. देवाने चमत्कार करून पैसे पाठवले, असे लिहिता आले असते तर लेख जास्त गोड झाला असता. तसे झाले नाही. सत्याची किंमत हप्त्याहप्त्याने फेडायची असते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ती मला आठवते.

इंजिन उघडले तेव्हा मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याने फिल्टरच्या पुढच्या पाइपात, जिथे फक्त स्वच्छ हवा असायला हवी तिथे, पांढरे फडके फिरवले. ते लाल झाले. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२४ पासून डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम परत सुरू आहे. इकडे पत्रादेवीपासून महामार्गाचे रुंदीकरण. उन्हाळ्यात मुळगाव, शिरगावच्या बाजूची झाडे तांबडी दिसतात ते आपण बघतोच. कंपनीच्या डब्यातला कागदी फिल्टर ती धूळ अडवत होता. आमचा उघडा फिल्टर जास्त हवा सोडायचा, कारण तो जास्त धूळही सोडायचा. एक क्लिपही नीट बसली नव्हती. ही धूळ पिस्टनच्या रिंगा आणि टर्बोची पाती झिजवते, कुरकुर न करता.

ते लाल फडके मी घरी आणले. गाडीच्या इंजिनाला काही शे रुपयांचा फिल्टर असतो. त्याच रस्त्यावर बसची वाट बघणाऱ्या मुलांच्या छातीला नसतो. हा विषय मोठा आहे, आणि खाणीवर ज्यांचे पोट आहे तेही आपलेच लोक आहेत. त्यावर वेगळे लिहीन. आज एवढेच, की आपण आत काय घेतो याचा हिशोब गाडीपुरता ठेवून चालणार नाही. मीही आठ महिने काहीतरी आत घेत होतो. पुढे जाणाऱ्या गाड्यांचा मत्सर, मुलांसमोर तरुण दिसायची हौस, आवाजालाच ताकद समजण्याची चूक. डबा अडचण वाटला म्हणून काढला. पण डबा श्वास अडवत नव्हता, श्वास राखत होता. देवाच्या आज्ञा, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, रात्रीची आत्मपरीक्षा यांचेही तसेच आहे. पिवळा दिवा लागतो तेव्हा तो आपल्याला लाजवायला लागत नाही. वेळ आहे तोवर सांगायला लागतो.

त्या रविवारी आठवी आज्ञा शिकवताना मी मुलांना हे सगळे सांगितले. वर्ग चिडीचूप. मग तिसरीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग तुम्ही पापनिवेदन केलंत?"

"केलं," मी म्हणालो. "पण आधी घरी केलं, मग चर्चमध्ये." येशूने शिकवले तसे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर (मत्तय ५:२३-२४).

एक जागा अजून उरली होती. आजीच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी तिच्या मुलीकडे गेलो आणि त्या रात्री उशीर का झाला ते सांगितले. ती ऐकत राहिली. माझे समाधान होईल असे काही ती बोलली नाही, आणि मला ते योग्य वाटले. तिने चहा दिला. निघताना म्हणाली, "पहिल्या शुक्रवारी या. शेजारच्या काकींना आता चर्चपर्यंत चालवत नाही. त्यांनाही कम्युनियन हवंय."

आता दर पहिल्या शुक्रवारी फादरांसोबत जातो. गाडीत जुना काळा डबा पुन्हा बसला आहे, नव्या क्लिपांसह. हवेचे तोंड कंपनीने दिले होते तिथेच, वर. धुळीचा रस्ता म्हणून कागदी फिल्टर वेळेआधीच बदलतो. घरी करण्यासारखे तेवढेच काम आहे आणि ते मुलगा करतो. मी बॅटरी धरून उभा असतो. साकवावर पाणी असेल तर गाडी अलीकडे ठेवून चालत जातो. चढावर पोरे हॉर्न देतात. मी बाजू देतो.

पेन्टेकॉस्टच्या आधीच्या या दिवसांत दोन प्रश्न स्वतःला विचारूया. माझा श्वास मी कुठून घेतो? आणि घेतलेल्या श्वासाने मी काय बोलतो: आळ की क्षमा? तुमच्या घरात कोणी न बोलता हात पुसून बाहेर जाऊन उभे असेल, तर रविवारच्या मिस्सेला येण्याआधी त्याच्याकडे जा.

प्रार्थना: हे पवित्र आत्म्या, तू आमच्यातला देवाचा श्वास आहेस. आमच्या अंतःकरणात शिरणारी मत्सराची आणि दिखाऊपणाची धूळ अडव. आमची चूक आमचीच म्हणण्याचे बळ आम्हांला दे. ज्यांच्यावर आम्ही आळ घातला त्यांच्यापर्यंत आमची पावले ने. आजाऱ्यांना, वाट पाहणाऱ्यांना आणि आज शेवटचा श्वास घेणाऱ्यांना तुझी शिदोरी वेळेवर मिळो. आणि जिथे आम्ही उशिरा पोहोचतो तिथे तू आमच्या आधी पोहोच. आमेन.